माझ्याकडे तर बरोबर दिसतोय

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातली गणिताची प्रश्नपत्रिका आजवर एकदाही फुटलेली नाही. प्राचार्य त्याचं श्रेय परीक्षा विभागाच्या गोपनीयतेला देतात आणि परीक्षा विभाग ते मान खाली घालून स्वीकारतो. खरं कारण एवढंच, की आमची प्रश्नपत्रिका फोडली तरी फोडणाऱ्याला ती वाचता येत नाही. एखाद्याने रात्रीतून झेरॉक्स काढून गावभर वाटली, तरी सकाळी मुलं त्याच्याच दारात उभी राहतील, ‘दादा, हे काय लिहिलंय?’

यंदाचंच घ्या. अकरावी वाणिज्य, मराठी माध्यम, प्रकरण फलनांचं. मी लिहून दिलं होतं, ‘एफ : ए → बी हे फलन एकास एक आहे का ते तपासा.’ साधा बाण. एक आडवी दांडी, उजवीकडे टोक. बालवाडीतलं पोरही काढतं. टाइप होऊन आलं त्यात ए जागेवर होता, बी जागेवर होता, आणि मधे बाणाऐवजी आणखी एक बारका इंग्रजी ए येऊन उभा राहिला होता. त्याच्या डोक्यावर तिरकी काडी.

मी डीटीपीवाल्या दादांना फोन लावला.

‘दादा, तिसऱ्या प्रश्नातला बाण गेला.’

‘कुठं गेला, सर?’

‘तेच तुम्हाला विचारतोय. त्याच्या जागी काडीवाला ए आलाय.’

‘थांबा, फाइल उघडतो.’ मग माउसची टकटक, मागे कुणाच्या तरी लग्नपत्रिकेत मामांचं नाव आधी की काकांचं यावरून चाललेला वाद, आणि शेवटी दादांचा शांत आवाज. ‘सर, माझ्याकडे तर बरोबर दिसतोय.’

या वाक्यापुढे कुठलंच संभाषण जात नाही. बोलणारा खोटं बोलत नसतो, हीच तर पंचाईत. आपल्या छतातून पाणी ठिबकत असतं आणि वरच्या मजल्यावरच्यांना ते कधी म्हणजे कधी पटत नाही, कारण त्यांची फरशी खडखडीत कोरडी असते. त्यातलाच हा प्रकार. मी माझ्या पडद्याचा फोटो काढून पाठवला. दादांनी त्यांच्या पडद्याचा फोटो काढून उलट पाठवला. माझ्या फोटोत काडीवाला ए, त्यांच्या फोटोत ऐटबाज बाण. दोन्ही बाजूंनी पुरावे सादर झाले आणि दोन्ही पक्ष निर्दोष सुटले.

निकाल लावायला भाच्याला बोलावलं. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे आमच्या घरातला प्रिंटर, आजीचा मोबाइल आणि शेजाऱ्यांचं वायफाय या गोष्टी त्याच्याकडे.

‘मामा, त्यांनी बाण टाइप कसा केला?’

‘दोनदा वजा, मग “पेक्षा मोठे”चं चिन्ह. तेवढं केलं की प्रोग्राम आपोआप बाण करून देतो म्हणे.’

‘करून देत नाही. केल्यासारखं दाखवतो.’

मग त्याने मला जे सांगितलं, ते ऐकून माझा अक्षर या गोष्टीवरचा विश्वास उडाला. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. दादांच्या प्रोग्रामने त्या तीन चिन्हांच्या जागी २२४ हा आकडा ठेवला आणि वर चिठ्ठी लावली, ‘हा विंगडिंग्ज फॉन्टात दाखवावा.’ विंगडिंग्ज हा १९९० सालचा फॉन्ट. चार्ल्स बिगेलो आणि क्रिस होम्स यांच्या चित्रांचा. त्यात अक्षरांच्या जागी कात्री, पाकीट, बॉम्ब, बोट दाखवणारे हात असलं सामान भरलेलं असतं. त्यात २२४ क्रमांकावर बाण आहे. इतर फॉन्टांत त्याच क्रमांकावर काडीवाला ए आहे. फाइल इकडून तिकडे जाताना चिठ्ठी वाटेत गळाली आणि खालचा माणूस उघडा पडला.

‘म्हणजे दादांकडे होता तेव्हाही तो ए-च होता?’

‘ए-च. बाणाचा मेकअप केलेला.’

याच फॉन्टाने आमच्या स्टाफरूममध्ये एकदा आठवडाभर तणाव ठेवला होता. विंगडिंग्जमध्ये इंग्रजी ‘जे’च्या जागी हसरा चेहरा आहे. कुणी विसर्ग आणि कंस टाइप करून मेलमध्ये हसू पेरलं, की काही प्रोग्राम तिथे गुपचूप ‘जे’ ठेवतात आणि त्याला हसवतात. चिठ्ठी गळाली की उरतो नुसता जे. प्राचार्यांचा मेल आला होता, ‘उद्याच्या सभेला उशीर झाला तरी चालेल जे’. आम्ही सगळे वेळेच्या अर्धा तास आधी हजर. एका सरांचं मत पडलं की जे म्हणजे ‘जाब द्यावा लागेल’. दुसऱ्यांना तो इंग्रजीतल्या ‘जस्टिफाय’चा वाटला. प्राचार्य हसत होते ही शक्यता कुणाच्याच मनात आली नाही, आणि त्यांचा चेहरा पाहता त्यात आमची काही चूक नव्हती.

विंगडिंग्ज निदान उघड उघड चित्रांचा फॉन्ट आहे. त्याच्याहून बेरकी म्हणजे ‘सिम्बॉल’ नावाचा फॉन्ट. गणितवाल्यांनी वर्षानुवर्षं त्याच्यावर भरवसा टाकला. त्यात साधा बाण १७४ क्रमांकावर आणि दुहेरी बाण, म्हणजे आपला ‘म्हणून’वाला ⇒, हा २२२ वर. फॉन्ट बदलला की १७४ वर निघतं वर्तुळातलं आर, नोंदणीकृत ट्रेडमार्कचं. आणि २२२ वर निघतं आइसलँडच्या भाषेतलं थॉर्न नावाचं अक्षर. दिसायला पोट खाली घसरलेल्या पी-सारखं. जुन्या क्लासच्या नोट्स कुणाकडे असतील तर उघडून बघा. ‘एक्स बरोबर दोन’, मग हा पोट सुटलेला पी, मग ‘एक्सचा वर्ग बरोबर चार’. आमच्याकडे बदली होऊन आलेल्या एका विद्यार्थ्याच्या वहीत प्रत्येक ओळीच्या आधी हा पी अतिशय सुबक काढलेला असायचा. मी विचारलं, ‘हे काय?’ तो म्हणाला, ‘सर, क्लासमध्ये असंच शिकवलंय. स्टेपचा मार्क यालाच असतो.’ मी मार्क दिला. आइसलँडच्या कुठल्याही मुलाला गणितात इतक्या सहज मार्क मिळाले नसतील.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या उचापती कशाला, बाणाला पहिल्यापासून एक पक्का आकडा देऊन टाकायचा होता. माझंही तेच म्हणणं. भाचा म्हणाला, ‘मामा, दिला होता. पण डावीकडच्याला.’

ही कथा अमेरिकेतली. १९६३ साली तिथे ‘अॅस्की’ नावाची सर्वमान्य यादी तयार झाली. एकूण जागा १२८, त्यांतल्या काही रिकाम्याच ठेवलेल्या. तिच्यात वर जाणारा बाण होता आणि डावीकडे जाणारा बाण होता. उजवीकडे जाणारा नव्हता. सगळं गणित डावीकडून उजवीकडे चालतं, पण समितीला उलटा बाण महत्त्वाचा वाटला. समित्यांत मीही काही काळ काम केलेलं असल्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. १९६७च्या सुधारित यादीत ते दोन्ही बाणही काढले. वरच्या बाणाच्या जागी छोटी टोपी आली, डाव्या बाणाच्या जागी अंडरस्कोअर. आज ईमेलच्या पत्त्यात नावाच्या आणि आडनावाच्या मधे जी आडवी रेघ पसरलेली असते, ती जागा मुळात एका बाणाची आहे. टोक कापून नुसती दांडी ठेवली म्हणा ना.

गंमत पुढेच आहे. कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात ‘स्मॉलटॉक’ ही संगणकभाषा घडत होती. तिथल्या मंडळींना जुना डावा बाण फार आवडायचा. त्यांनी तो सोडलाच नाही. इतरांच्या यंत्रावर अंडरस्कोअर दिसायचा, यांच्या यंत्रावर त्याच आकड्याला बाण दिसायचा. जगातले अत्यंत हुशार लोक, आणि त्यांचीही अवस्था शेवटी आमच्या डीटीपीवाल्या दादांसारखीच: माझ्याकडे तर बरोबर दिसतोय!

उजव्या बाणाला बरा आसरा मिळाला तो १९८१च्या आयबीएमच्या पीसीवर. क्रमांक २६. पण त्याच घरात आधीपासून एक भाडेकरू होता. डॉसच्या कारभारात २६ या आकड्याचा अर्थ ‘फाइल इथे संपली’ असाही होता. म्हणजे तुम्ही मजकुरात हौसेने बाण घालावा, आणि फाइल दाखवणाऱ्या आज्ञेने बाणापाशी येऊन हात जोडावेत. पुढे काही असेल यावर तिचा विश्वासच नाही. ‘ए पासून’ एवढंच वाचायला मिळायचं, कुठपर्यंत ते कळायचं नाही.

तो २६ अजून चालतो. भाचा म्हणाला, ‘मामा, ऑल्ट दाबून धरा आणि नंबरपॅडवर २६ मारा.’ माझ्या लॅपटॉपला नंबरपॅड नाही. मी वरच्या ओळीतले दोन आणि सहा दाबले. एक खिडकी बंद झाली, एक उघडली, आणि लॅपटॉप इंग्रजीत माझ्याशी बोलायला लागला. तो गप्प कसा करायचा हे कुणालाच माहीत नव्हतं. रात्री जेवतानाही तो आतल्या खोलीत एकटाच काहीतरी वाचत होता. ही म्हणाली, ‘अहो, त्याला जेवायला तरी बोलवा.’

‘हे असले जुने उपाय सोडा,’ भाचा म्हणाला. ‘युनिकोड वापरा.’

युनिकोड म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना एकेक कायमचा क्रमांक. आपला ‘क’ तिथे आहे, ‘ळ’ही आहे. त्यात उजव्या बाणाचा क्रमांक २१९२. मला हायसं वाटलं. एक बाण, एक आकडा. पण हा आकडा षोडशमान पद्धतीतला. दशमानात तोच ८५९४ होतो. वेबपानावर दशमानातला टाकला तरी चालतो. टाइप करायच्या प्रोग्रामात मात्र षोडशमानातला टाकून ऑल्ट आणि एक्स दाबायचं असतं. मी उत्साहात ८५९४ टाकला आणि ऑल्ट-एक्स दाबलं. पडद्यावर एक भरगच्च चिनी अक्षर आलं. त्यात इतक्या काड्या होत्या की त्या सोडवून दहा-बारा बाण आरामात झाले असते.

‘मामा, तो दशमानातला आकडा आहे. पाया बदलून घ्यायचा.’

‘अरे, मी गणिताचा मास्तर आहे.’

‘म्हणूनच सांगतोय,’ असं म्हणून तो पाणी प्यायला गेला.

युनिकोडमध्ये बाणांसाठी वेगळी वस्तीच आहे, ११२ घरांची. ती पुरेना म्हणून पुढे पुरवणी वस्त्या वसवल्या, आणखी काही बाण सजावटीच्या चिन्हांत घुसवले. मी ती सारणी उघडली आणि माझी संध्याकाळ गेली. लांब बाण, आखूड बाण, दोन टोकांचा, शेपटीवाला, आकडेवाला, नागमोडी, तुटक. पांढऱ्या पिसांचा बाण वेगळा, काळ्या पिसांचा वेगळा. एकाची दांडी अश्रूच्या आकाराची, असं त्याच्या अधिकृत नावातच लिहिलंय. बाणाला रडायचं कारण काय असावं ते मला त्या दिवशी बरोबर कळलं. शिवाय जवळजवळ सारखे दिसणारे पाच-सहा उजवे बाण वेगवेगळ्या क्रमांकांवर बसलेत. त्यांतला एक निवडून टाकायचा आणि शोधताना दुसरा टाइप करायचा. संगणक थंडपणे सांगतो, ‘असं काही या मजकुरात नाही.’ डोळ्यांसमोर असतं हो!

या सगळ्यांत माझं लाडकं चिन्ह २३७सी क्रमांकाचं. काटकोन, आणि त्यातून खाली उतरणारा वेडावाकडा बाण. १९९१च्या एका आंतरराष्ट्रीय तांत्रिक यादीत ते होतं, तिथून २००२ साली युनिकोडमध्ये दाखल झालं. ते कशासाठी वापरतात, असं कुणी विचारलं तर वर्षानुवर्षं कुणालाच सांगता येईना. गणितवाले म्हणाले आमचं नाही, भौतिकशास्त्रवाले म्हणाले आमचं नाही. हौशी मंडळींनी मोनोटाइपच्या जुन्या चिन्हयाद्या उकरल्या. तिथे चिन्ह सापडलं, काम सापडेना. तरी ते काढता येत नाही, कारण युनिकोडचा नियम असा की एकदा आत घेतलेलं चिन्ह कधीही बाहेर काढायचं नाही, त्याची जागा हलवायची नाही आणि नावही बदलायचं नाही. एका कंसाच्या इंग्रजी नावात ‘ब्रॅकेट’ शब्दातली दोन अक्षरं उलटसुलट छापली गेलीत, तीही आता तशीच राहणार. सेवेत कायम होणं म्हणजे काय, हे अनुदानित संस्थेत नोकरी करूनही मला इतकं स्पष्ट कुणी समजावलं नव्हतं.

तर मी खरा, अस्सल, २१९२ क्रमांकाचा बाण निवडला, पेपर साध्या मजकुराच्या फाइलमध्ये भरला आणि परीक्षा विभागाला पाठवला. परीक्षा विभागप्रमुखांचा लगेच फोन.

‘सर, तुम्ही बाण किती पाठवलेत?’

‘एक.’

‘इकडे तीन आलेत. टोपी घातलेला ए, एक क्रूस आणि एक अवतरणचिन्ह.’

मी म्हणालो, ‘मॅडम, माझ्याकडे तर–’ आणि जीभ चावली.

त्याचंही कारण आहे. क्रमांक एक असला तरी तो साठवताना यूटीएफ-८ या पद्धतीत बाणाचे तीन तुकडे होतात: २२६, १३४, १४६. उघडणाऱ्या संगणकाला ही पद्धत ठाऊक असेल तर तो तिन्ही जुळवून एक बाण दाखवतो. परीक्षा विभागाचा संगणक जुन्या विंडोजी पद्धतीचा. त्याला एक तुकडा म्हणजे एक अक्षर एवढंच माहीत. मॅडमनी ती फाइल ‘दुरुस्त करून’ जतन केली आणि छपाईला पाठवली. तिथे तिनांचे आठ झाले. छपाईवाल्यांनीही तशीच दुरुस्त करून परत पाठवली. आठांचे एकोणीस. हे मी गंमत म्हणून सांगत नाही, हिशेब करून बघा, एक, तीन, आठ, एकोणीस असेच होतात. लहानपणी रामानंद सागरांच्या मालिकेत एक बाण सुटायचा आणि आकाशात जाऊन त्याचे पुष्कळ व्हायचे, तेव्हा आमचे शास्त्राचे सर म्हणायचे की हे अशक्य आहे. सर, क्षमा करा.

यावर उपाय म्हणून आमच्या वाणिज्य शाखेतल्या एका तरुण सरांनी पुढाकार घेतला. पुढाकार घेणाऱ्या तरुणांपासून संस्थांना कायम धोका असतो. त्यांनी एवढंच ऐकलं होतं की काडीवाला ए दिसला की तो बाण समजायचा. त्यांनी पूर्ण पेपर उघडला, ‘शोधा आणि बदला’ काढलं, वर काडीवाला ए, खाली बाण, आणि ‘सर्व बदला’ दाबून टाकलं. प्रोग्रामने शेकडो बदल झाल्याचं अभिमानाने कळवलं. सरांना वाटलं, काय तत्परता!

घोटाळा असा की त्या काडीवाल्या ए-चा क्रमांक २२४, आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन तुकड्यांत साठवलं जातं, त्यातला पहिला तुकडा न चुकता २२४. क असो, ज्ञ असो, वेलांटी असो, पाय मोडण्याची खूण असो, सगळ्यांच्या दारात आधी हाच काडीवाला ए उभा. आमचा पेपर मराठी माध्यमाचा, आणि जुन्या पद्धतीने उघडल्यामुळे आधीच फुटलेला. परिणामी ‘सर्व प्रश्न अनिवार्य आहेत’ या चार शब्दांतून बावीस बाण निघाले. प्रत्येक बाणामागे एकेक चिन्ह चलनाचं; मोडक्या पायांच्या चार जागी आणि ‘हे’वरच्या मात्रेपाशी चक्क जपानी येन. बावीस बाण आणि पाच येन. वरती माझं नाव आणि पदवी होती, तीही बाणांनी जर्जर.

प्राचार्यांनी तो कागद बराच वेळ धरला. मग म्हणाले, ‘विज्ञान शाखेचा दिसतोय. वाणिज्यच्या गठ्ठ्यात कसा आला?’

आमच्याकडे एक सर आहेत, ते या सगळ्याकडे तुच्छतेने पाहतात, कारण ते लाटेकमध्ये लिहितात. लाटेकमध्ये लिहिणारा माणूस ही गोष्ट तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. डोनाल्ड नूथ या स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांना १९७७ साली त्यांच्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं पाहून इतका संताप आला की त्यांनी गणित छापण्यासाठी स्वतःच ‘टेक’ नावाची प्रणाली लिहायला घेतली. थोडक्यात उरकेल असं वाटलं होतं, दशक गेलं. मुद्रित तपासताना संताप सगळ्यांनाच येतो. आमच्यासारखे लोक समासात लाल पेनने ‘हे काय?’ एवढं लिहून थांबतात. लाटेक हा त्याच टेकचा पुढचा अवतार. त्यात बाण काढायचा नसतो, सांगायचा असतो: उलटी तिरकी रेघ आणि पुढे सलग ‘राइटॲरो’, अशी एकूण अकरा चिन्हं टाइप केली की छान बाण उमटतो. त्यातला आर मोठ्या लिपीत पडला तर बाण दुहेरी होतो आणि ‘ए पासून बी कडे’चं ‘ए आहे म्हणून बी आहे’ होतं. शिफ्टला करंगळी लागली की तर्कशास्त्र बदललं.

सर म्हणाले, ‘मुळात तुमचा बाणच चुकीचा आहे. संचाकडून संचाकडे जाताना साधा. पण घटकाकडून घटकाकडे जाताना शेपटीला उभी काडी लागते.’

‘सर, इथे साधाच पोचत नाहीये.’

‘ते ठीक आहे. पण पोचला तर काडीसकट पोचायला हवा.’

याच सरांनी रविवारी सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर एक उदाहरण टाकलं. नैसर्गिक संख्या पूर्णांकांत सामावतात, हे दाखवायला गणितात आकडा असलेला वळणदार बाण वापरतात. तो टाकला. पण मोबाइलवाल्यांनी काही निवडक बाणांना इमोजीची बढती दिलेली आहे. हा वळणदार बाण त्यात आहे, दोन टोकांचाही आहे. साधा उजवा बाण नाही. बहुतेकांच्या फोनवर सरांचा बाण निळ्या चौकोनात बसून आला. शिपाईमामांना ती ‘पुढे पाठवा’ची सूचना वाटली. त्यांनी पाठवली. दुपारपर्यंत नैसर्गिक संख्या तीन पालक ग्रुपांवर आणि एका भजनी मंडळात जाऊन आल्या. तिथे खाली कुणीतरी हात जोडले होते.

निवृत्त झालेले आमचे एक ज्येष्ठ सर स्टाफरूममध्ये येऊन बसतात. ते हे सगळं ऐकत होते. म्हणाले, ‘आमच्या वेळी टाइपरायटरला बाणच नव्हता. सायक्लोस्टाइलच्या स्टेन्सिलवर जागा मोकळी सोडायचो आणि टोकदार सळईने बाण कोरायचो. रामानुजनना केंब्रिजला बोलावणाऱ्या हार्डींनी १९०८च्या पुस्तकात सीमेकडे जाणारा बाण रूढ केला. तोही कंपोझिटरने हातानेच जुळवला असेल की! जगभर पोचला.’

हे ऐकून सगळ्यांना एकदम स्फुरण चढलं. ठरलं, की बाणांच्या जागा कोऱ्या ठेवून पेपर छापायचा, मूळ प्रतीवर हाताने बाण काढायचे आणि मग झेरॉक्स. वाटतं तितकं ते सोपं गेलं नाही. विभागप्रमुखांना बाण जाड हवा होता. लाटेकवाल्या सरांनी एकाला काडी काढलीच. पुढाकारवाल्या तरुण सरांनी मदतीला म्हणून घेतलेल्या पानावर सगळे बाण डावीकडे काढले, कारण ते डावखुरे आहेत. पण पेपर झाला. मुलांनी सोडवला. उलट्या बाणाच्या पानावरची उत्तरं कशी तपासायची याची बैठक अजून व्हायची आहे.

एवढ्यात दादांचं बिल आलं. गणिताच्या मजकुराला पानामागे दर जास्त असतो आणि विशेष चिन्हांचे पैसे वेगळे, हे मला मान्य आहे. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं: ‘बाण, लहान व मोठे, दुरुस्तीसह.’ मी सही करून लेखा विभागाकडे दिलं. ते शेरा मारून परत आलं: ‘क्रीडासाहित्याची खरेदी क्रीडा समितीच्या मंजुरीविना झालेली दिसते. खुलासा करावा. बाण डेड स्टॉक रजिस्टरला नोंदवून पृष्ठ क्रमांक नमूद करावा.’

मी खुलासा लिहायला घेतला. बाण ही वस्तू नसून चिन्ह आहे, तो आकड्याच्या रूपाने असतो, आणि तो एका ठिकाणी असतो तेव्हा दुसऱ्या ठिकाणी ए असतो, इथपर्यंत आलो आणि थांबलो. हे वाचून लेखा विभाग काय करेल याचा मला अंदाज होता. तेवढ्यात जिमखान्याचे सर दारात येऊन उभे राहिले. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

‘सर, तुमच्या विभागाने बाण मागवलेत म्हणे? बरं झालं, मी दोन वर्षं मागतोय. धनुष्यांचं कोटेशन मी लगेच देतो, फक्त एकाच बिलात बसवून घ्या.’